न सोडविलेला प्रश्न

गेल्या पावसाळ्यांत आमची नात चार दिवस राहावयास आली होती. ती येथल्याच एका महाविद्यालयांत राज्यशास्त्र घेऊन पदवीचा अभ्यास करते. २०२० च्या शैक्षणिक धोरणाप्रमाणें आतां हा अभ्यास चार वर्षांचा झाला असून चौथें वर्ष पुरें करणाराच्या पदवीपुढें 'ऑनर्स' हा शब्द लागतो. मी दिल्लीस शिकलें तेव्हां तो तीन वर्षांतच लागत असे, असें सांगून मीं तिच्यापुढें थोडी फुशारकी मारून घेतली. तिला कसल्याशा निबंधासाठीं सेबाइनचें राजकीय विचारांच्या इतिहासावरील पुस्तक हवें होतें. माझी प्रत वरच्या फळीवर वर्तमानपत्रांत गुंडाळून ठेवलेली होती. तिनें स्टुलावर चढून ती काढली, धूळ झटकली आणि पानें उलटूं लागतांच आंतून घडी घातलेला एक पिवळा कागद खालीं पडला. ती माझी मे १९७६ ची, पाश्चात्य राजकीय विचार या विषयाची प्रश्नपत्रिका होती.

प्रश्नपत्रिका घरीं आणून सोडविलेल्या प्रश्नांवर पेन्सिलीनें खूण करण्याची मला संवय होती. नातीनें त्या खुणा मोजल्या. मग म्हणाली, "आजी, पांच बरोबर आहेत. पण मिलच्या स्वातंत्र्याचा प्रश्न तूं सोडून दिलास? तुझ्या वहींत तर सर्वांत जास्त पानें मिलचींच आहेत!"

"वेळ पुरला नाहीं," मी म्हणालें.

हें उत्तर खोटें होतें. आणि त्या एकाच प्रश्नासंबंधीं मी खोटें बोललें, ती ही दुसरी वेळ. पहिल्या वेळेची हकीकत मीं आजवर कोणास सांगितलेली नाहीं. घरच्या माणसांनाहि ती या लेखांतूनच कळेल.

१९७३ सालीं मीं दिल्ली विद्यापीठांत राज्यशास्त्राच्या ऑनर्सला नांव घातलें, तेव्हां हा विषय काय आहे हें आमच्या घरांत कोणालाच ठाऊक नव्हतें, मलाहि नाहीं. माझे वडील, ज्यांना आम्ही अण्णा म्हणत असूं, केंद्र सरकारच्या एका खात्यांत कारकून होते. सरोजिनीनगरांतील दोन खोल्यांच्या सरकारी घरांत आम्ही पांच माणसें राहत होतों. मुलीनें संस्कृत घ्यावें असें अण्णांना वाटे. अर्थशास्त्र घेतल्यास कोठें तरी बँकेंत चिकटेल, असें आई म्हणे. अण्णांच्या आत्या आमच्याकडेच असत. त्या बालविधवा, त्यांनींच अण्णांना लहानाचे मोठे केलेलें. सारी वसाहत त्यांना आत्याबाई म्हणे. त्यांचें मत सर्वांहून निराळें पडलें. "राजकारण शिकावयास कॉलेजांत कशाला जावें लागतें? सासरीं गेलें कीं बायका आपोआप शिकतात!" मला तें बोलणें तेव्हां फार मागासलेलें वाटलें होतें. पुढें सत्ता, संमति आणि आज्ञापालन या विषयांवर २७ वर्षें व्याख्यानें दिल्यावर आत्याबाईंच्या बोलण्यांत बरेंच तथ्य होतें, असें मला वाटूं लागलें आहे. पण तो विषय वेगळा.

मीं हा विषय निवडला त्याचें खरें कारण सांगितलें तर वाचक हंसतील. शाळेंत नागरिकशास्त्र हें इतिहासाच्या पुस्तकाला शेपटासारखें जोडलेलें असे. राज्यपालाची नेमणूक कोण करतो, राज्यसभेच्या सभासदाची मुदत किती वर्षांची, असले त्यांतले प्रश्न. आणि त्यांत मला पैकीच्या पैकी गुण मिळत. पाठांतर चांगलें होतें, एवढीच काय ती माझी पात्रता. कॉलेजांतहि पहिलें वर्ष त्याच भांडवलावर निघालें. प्लेटोच्या आदर्श राज्यांतले तीन वर्ग, ॲरिस्टॉटलचे सहा राज्यप्रकार, आणि आपल्या घटनेंतल्या तीन आणीबाण्या : ३५२, ३५६, ३६०. हीं कलमें मीं पावकी-निमकीच्या चालीवर पाठ केलीं होतीं.

दुसऱ्या वर्षीं आमच्या पांच-सहा जणींच्या गटास एक नवे प्राध्यापक आले. त्यांचें नांव मी येथें देत नाहीं. ते आतां हयात नाहींत आणि त्यांच्या घरच्यांस मीं विचारलेलें नाहीं. उंच, किंचित् वांकलेले, खादीचा झब्बा नेहमीं चुरगळलेला. आठवड्यास एक निबंध लिहून न्यावा लागे. तो वाचून झाला कीं ते म्हणत, "छान. आतां पुढच्या आठवड्यांत याच्या विरुद्ध बाजूनें लिहून आण. आणि असें लिही कीं तुला स्वतःला तें पटलें पाहिजे." पहिले दोन महिने आम्ही अगदीं रडकुंडीस आलों. मीं हॉब्सवर एक सणसणीत निबंध लिहिला होता. हॉब्स हा हुकूमशाहीचा पुरस्कर्ता, म्हणून मीं त्याला चांगला झोडपला होता. प्राध्यापकांनीं तो शांतपणें ऐकला आणि विचारलें, "तुम्ही त्याला शिव्या दिल्यात, उत्तर केव्हां देणार?" माझ्या विद्यार्थिदशेंतला तो सर्वांत लाजिरवाणा क्षण, असें मला तेव्हां वाटलें होतें. अधिक लाजिरवाणे क्षण पुढें यावयाचे होते.

मिल शिकवितांना त्यांनीं जी युक्ति केली ती मीं नंतर जन्मभर माझ्या वर्गांत वापरली. मिलचा 'स्वातंत्र्यावरील निबंध' १८५९ सालचा. दुसऱ्याला इजा होत नसेल तोंवर माणसाच्या वागण्याबोलण्यांत समाजानें किंवा सरकारनें हात घालूं नये, हें त्याचें सूत्र आम्हांला पाठ होतें. एका माणसाचें मत दडपलें तर त्या एकाचेंच नव्हे, न ऐकणाऱ्या सगळ्यांचेंच नुकसान होतें. कारण दडपलेलें मत खरें असेल तर सत्य हातचें जातें, आणि खोटें असेल तर आपलें खरें मत घासून पाहण्याची संधि जाते, मग तें मत जिवंत न राहतां नुसतें पोपटपंचीचें होतें. हें सारें ऐकून आम्ही भारावून गेलों होतों. तेव्हां प्राध्यापकांनीं विचारलें, "हे गृहस्थ पोटासाठीं काय करीत होते, ठाऊक आहे?" कोणास ठाऊक नव्हतें. मिल १८२३ पासून १८५८ पर्यंत, म्हणजे तब्बल ३५ वर्षें, लंडनमध्यें ईस्ट इंडिया कंपनीच्या कचेरींत नोकरीस होता. हिंदुस्थानच्या संस्थानांशीं चालणारा पत्रव्यवहार त्याच्या हाताखालून जाई. आणि ज्या निबंधानें आम्ही भारावलों होतों त्यांतच, अगदीं आरंभीं, त्यानें लिहून ठेवलें आहे कीं हें स्वातंत्र्याचें तत्त्व लहान मुलांना लागू नाहीं व अजून बाल्यावस्थेंत असलेल्या समाजांनाहि नाहीं. अशा लोकांवर, त्यांची सुधारणा हा हेतु असेल तर, एकतंत्री राज्य करणें योग्यच आहे.

आमचे चेहरे उतरले. ते म्हणाले, "म्हणजे तुम्ही आणि मी वगळून. आतां लिहून आणा : हा अपवाद मिलचा किती, आणि कचेरीचा किती?"

तो निबंध मीं महिनाभर लिहीत होतें. घरीं अण्णांशीं त्यावर बोलें. अण्णांच्या ट्रंकेंत आगरकरांच्या निबंधांचे खंड होते. आगरकर मिलच्या विचारांवर पोसलेले, हें अण्णांनींच मला सांगितलें. ज्या मिलनें हिंदी लोकांना आपल्या तत्त्वांतून वगळलें, तोच मिल वाचून पुण्यांतल्या एका दरिद्री ब्राह्मणानें स्वतःच्या समाजापुढें स्वातंत्र्य मागितलें, ही गोष्ट मीं निबंधाच्या शेवटीं लिहिली. प्राध्यापकांनीं समासांत फक्त 'होय' असें लिहून दिलें. अण्णांना तें दाखविलें तेव्हां त्यांनीं चष्मा काढून पुसला.

त्याच वर्षीं, म्हणजे १९७५ च्या आरंभीं, त्यांनीं आम्हांला घटनासमितीच्या चर्चेचे खंड वाचावयास लावले. कलम ३५९ वरची चर्चा त्यांनीं मुद्दाम नेमली होती. आणीबाणी पुकारली असतां, मूलभूत हक्कांसाठीं न्यायालयांत जाण्याचा अधिकार राष्ट्रपतींच्या हुकुमानें तहकूब करतां येईल, असें तें कलम. ऑगस्ट १९४९ मध्यें हरि विष्णु कामत यांनीं या सर्व तरतुदींवर कडाडून टीका केली. जर्मनींत वायमारच्या घटनेंतल्या अशाच कलमाचें पुढें काय झालें तें सांगितलें. आणि कलम मंजूर झालें तो दिवस लाजेचा व दुःखाचा म्हटला. आम्हांला तें सारें रुक्ष वाटलें. कामत जरा अतिशयोक्तीच करतात, असें माझें मत झालें व मीं तें बोलूनहि दाखविलें. प्राध्यापक म्हणाले, "असेल. अशीं कलमें वापरण्याची वेळ न यावी हेंच बरें."

पुढच्या पांच-सहा महिन्यांत काय घडलें तें वाचकांस ठाऊकच आहे. १२ जून १९७५ रोजीं अलाहाबाद उच्च न्यायालयानें पंतप्रधानांची निवडणूक रद्द ठरविली. २५ जूनच्या रात्रीं आणीबाणी जाहीर झाली. आणि २७ जून रोजीं तेंच ३५९ वें कलम वापरून राष्ट्रपतींचा हुकूम निघाला. कायद्यापुढील समानता, जीवित व व्यक्तिस्वातंत्र्य, आणि अटकेसंबंधींचें संरक्षण या तिन्ही हक्कांसाठीं न्यायालयाचें दार बंद झालें.

जुलैमध्यें कॉलेज उघडलें. आमच्या गटाची खोली तीच, वेळ तीच. आम्ही सहा जणी जाऊन बसलों. प्राध्यापक आले नाहींत. वीस मिनिटांनीं दुसरे एक गृहस्थ आले, त्यांनीं हजेरी घेतली आणि यापुढें हा गट आपल्याकडे आहे एवढेंच सांगितलें. कोणीं कांहीं विचारलें नाहीं. त्यांनींहि सांगितलें नाहीं. 'मिसा'खालीं त्यांना घरून पहांटे नेलें, हें आम्हांला चार दिवसांनीं कॉलेजच्या शिपायाकडून समजलें. नव्या गृहस्थांनीं निबंध उलट बाजूनें लिहावयास कधींच सांगितलें नाहीं. आमचें ओझें हलकें झालें, आणि त्याचें आम्हांला थोडें बरेंहि वाटलें. हें खरें आहे म्हणून लिहितें.

घरांत अण्णा बदलले. ते मुळांत भित्रे नव्हते. पण ते सरकारी नोकर, डोक्यावरचें छप्पर सरकारी, पन्नाशी उलटलेली. तशा नोकरांना मुदतीआधीं घरीं बसविण्याचा अधिकार सरकारास होताच, आणि त्या वर्षीं त्याचा धाक कचेऱ्या-कचेऱ्यांत फार होता. बसथांब्यांवर अनुशासनाचे फलक लागले. गाड्या वेळेवर सुटतात, बाबू वेळेवर येतात, या देशाला असाच वठणीवर आणणारा हवा होता, असें वसाहतींतले चांगले शिकलेले लोक बोलत. ऐकतांना मला वाटे, हा तर मिलचा अपवाद! बाल्यावस्थेंतला समाज, सुधारणेचा हेतु; फरक इतकाच कीं आतां आपणच आपल्याला वगळीत होतों. हें कोणापाशीं बोलावें? ज्यांच्यापाशीं बोलावयाचें ते तुरुंगांत होते, आणि अण्णांच्या घरांत आतां राजकारणावर बोलणें बंद झालें होतें.

डिसेंबरांत पुण्याहून काकांचें पत्र आलें. ते कऱ्हाडच्या साहित्य संमेलनास गेले होते. दुर्गाबाई भागवतांनीं अध्यक्षपदावरून जयप्रकाशांच्या प्रकृतीसाठीं सर्वांना उभें राहून प्रार्थना करावयास सांगितलें. व्यासपीठावर स्वागताध्यक्ष म्हणून यशवंतराव चव्हाण, म्हणजे प्रत्यक्ष केंद्र सरकारचे मंत्री. आणि सारा मंडप उभा राहिला. हें सगळें काकांनीं मोठ्या उत्साहानें चार पानें भरून लिहिलें होतें. अण्णांनीं तें पत्र दोनदां वाचलें. मग उठून स्वयंपाकघरांत गेले आणि शेगडींत घातलें. आत्याबाई पोळ्या करीत होत्या. त्या म्हणाल्या, "अरे, पण त्या बाईनें केलें तें चांगलेंच कीं." अण्णा कांहीं बोलले नाहींत.

तिकडे सर्वोच्च न्यायालयांत जबलपूरच्या अतिरिक्त जिल्हा दंडाधिकाऱ्यांचा खटला चालला होता. प्रश्न एवढाच कीं, राष्ट्रपतींचा हुकूम असतां स्थानबद्ध माणसाला, मला बेकायदा धरलें आहे, असें न्यायालयापुढें म्हणतां येईल कीं नाहीं. देशांतल्या नऊ उच्च न्यायालयांनीं म्हणतां येईल असा निर्णय दिला होता. अण्णांची भिस्त पांच न्यायमूर्तींपैकीं एकावर होती. "आपले चंद्रचूड आहेत तेथें," असें ते हळूच म्हणत. पुण्याचा माणूस, विद्वान, घरंदाज; तो कसा सोडील! २८ एप्रिल १९७६ रोजीं निकाल लागला. चारांविरुद्ध एक. तो एक म्हणजे न्यायमूर्ति हंसराज खन्ना. यशवंतराव चंद्रचूड चारांत होते. त्या संध्याकाळीं अण्णा जेवले नाहींत. पोट ठीक नाहीं म्हणाले.

पुढें थोड्याच दिवसांत माझी परीक्षा आली. आदल्या रात्रीं मी वह्या चाळीत बसलें असतां अण्णा खोलींत आले व माझ्या खाटेच्या कडेवर बसले.

"उद्यां मिलवर प्रश्न येईल?"

"दरवर्षीं येतो."

ते बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "हें बघ बाळ, तूं तो लिहूं नकोस. तूं लिहिलेंस कीं मनापासून लिहिशील, आणि मग आजकालचा उल्लेख आल्याशिवाय राहणार नाहीं. उत्तरपत्रिका कोणाच्या हातीं पडते, आपल्याला काय ठाऊक? तुझ्या सरांचें काय झालें, पाहिलेंसच. मी तुझ्यापुढें हात जोडतों." आणि त्यांनीं खरोखरच हात जोडले. ज्यांनीं आगरकर माझ्या हातांत दिला, त्या माझ्या वडिलांचे जोडलेले हात मीं पाहिले, आणि मी "बरें" म्हणालें.

दुसऱ्या दिवशीं मिलचा प्रश्न आला, माझ्यासाठींच काढल्यासारखा. मीं तो सोडला आणि निर्धोक म्हणून हॉब्स घेतला. हॉब्समध्यें कसलें आलें आहे भय? लोक आपले सगळे हक्क राजसत्तेच्या स्वाधीन करतात व त्या बदल्यांत शांतता मिळवितात. कोणत्याहि आणीबाणीस शोभेल असें तत्त्वज्ञान. तीन पानें भराभर लिहून झालीं आणि मग माझी लेखणी अडखळली. कारण हॉब्स सगळे हक्क सोडावयास लावतो असें नाहीं. 'लेव्हायथन'मध्यें तो स्पष्ट म्हणतो कीं स्वतःचा जीव राखण्याचा हक्क माणसाला करारानें देखील टाकतां येत नाहीं. ज्याला मारावयास नेत आहेत त्यानें मुकाट्यानें मान पुढें करावी, असें बंधन राजा त्याच्यावर घालूं शकत नाहीं. राजाला शिक्षेचा अधिकार आहे, पण प्रतिकार न करण्याचें वचन प्रजेकडून घेतां येत नाहीं. आणि या खटल्यांत काय झालें होतें? न्यायमूर्ति खन्नांनीं विचारलें होतें कीं एखाद्या पोलीस अधिकाऱ्यानें वैरापोटीं कोणाचा जीवच घेतला तर काय. आणि सरकारच्या ॲटर्नी-जनरलनीं उत्तर दिलें होतें कीं हुकूम अंमलांत आहे तोंवर त्यावरहि न्यायालयांत इलाज नाहीं. हा संवाद तेव्हां दिल्लींत कानोकानीं सगळ्यांस झाला होता. म्हणजे आमचें सरकार हॉब्सच्याहि पुढें गेलें होतें! मिल टाळून ज्याच्या आडोशास मी गेलें होतें, तो हॉब्सहि मला आडोसा देईना.

हें एक वाक्य लिहावयाचें होतें. दोन ओळींचें काम. मीं लिहिलें, 'जीवरक्षणाचा हक्क मात्र हॉब्स अबाधित ठेवतो', आणि पूर्णविराम दिला. पुढें कांहीं लिहिलें नाहीं.

मला उच्च द्वितीय वर्ग मिळाला. माझ्या शेजारीं बसणाऱ्या मैत्रिणीनें मिलवर खरपूस लिहिलें होतें. तिला कांहींहि झालें नाहीं. तिच्या वडिलांचें करोलबागेंत कापडाचें दुकान होतें, सरकारी नोकरी नव्हती. हा फरक मी त्या काळीं फार महत्त्वाचा मानीत असें.

आतां पहिल्या खोट्याची गोष्ट. जानेवारी १९७७ मध्यें निवडणुका जाहीर झाल्या आणि लोक सुटूं लागले. फेब्रुवारींत आमचे प्राध्यापक विद्यापीठांत दिसले. मी तेव्हां एम्.ए. च्या वर्गांत होतें. ते फार वाळले होते; केस सगळे पांढरे. आम्हां दोघी-तिघींना पाहून त्यांना आनंद झाला. चहा मागविला. तुरुंगांत संघवाले, समाजवादी, जमातवाले सगळे एका आवारांत असत, आणि आपण पुस्तकाशिवाय त्यांना मिल शिकविला, असें ते हंसत हंसत सांगत होते. सर्वांत कठीण विद्यार्थी ते, कारण प्रत्येकाला स्वातंत्र्य हवें होतें, पण शेजारच्या कोठडींतल्याला किती द्यावें याबद्दल मतभेद होते! मग शिक्षकाच्या संवयीनें त्यांनीं मला विचारलें, "तुझा पेपर कसा गेला होता? मिल आला होता?"

"हो," मी म्हणालें.

"लिहिलास ना?"

"हो, लिहिला."

ते कांहीं क्षण माझ्याकडे पाहत राहिले. त्यांचे डोळे भरून आले. "मला तुरुंगांत वाटलेंच होतें," ते म्हणाले, "कीं माझ्या गटांतल्या मुली तो सोडणार नाहींत."

माझी मैत्रीण शेजारींच बसलेली होती. तिला खरें काय तें ठाऊक होतें. ती चहाच्या कपाकडे पाहत बसली.

गोष्ट तेथेंच थांबती तर मीं ती विसरूनहि गेलें असतें. पण प्राध्यापकांनीं ती पुढच्या वर्गांत सांगितली. नांव न घेतां, 'त्या वर्षीं एका सरकारी नोकराच्या मुलीनें' अशी. माझ्या मागून आलेल्या विद्यार्थिनीनें ती मलाच ऐकविली. ती मुलगी कोण असावी, असें विचारलें. १९७९ सालीं माझें लग्न होऊन मी पुण्यास आलें, तेव्हां त्यांचें आशीर्वादाचें पत्र आलें. त्यांतहि तिचा उल्लेख होता. खरें लिहून कळवावें म्हणून मीं तीन-चार वेळां कागद घेतला असेल. आधीं वाटलें, त्यांना दुःख होईल. मग वाटलें, आतां फार उशीर झाला. १९९४ सालीं ते गेले. पुढें कॉलेजांत शिकवितांना मिलचें प्रकरण आलें कीं मी विद्यार्थ्यांना त्यांची उलट बाजू लिहिण्याची रीत सांगें, ईस्ट इंडिया कंपनीची गोष्ट सांगें, आगरकर सांगें; येथवर आल्यावर घड्याळाकडे पाहून पुस्तक मिटीत असें.

अण्णांना मीं कधीं दोष दिला नाहीं. तोहि अर्धवटच न्याय आहे, कारण हात त्यांनीं जोडले असले तरी लेखणी माझ्याच हातांत होती. १९७८ च्या चव्वेचाळिसाव्या घटनादुरुस्तीनें जीविताचा व व्यक्तिस्वातंत्र्याचा हक्क आणीबाणींतहि तहकूब करतां येणार नाहीं असें ठरलें, तेव्हां अण्णांनीं मला पुण्यास पत्र लिहिलें. त्यांत दुरुस्तीची बातमी होती, दिल्लीच्या थंडीची होती, आणि शेवटीं एक ओळ होती कीं त्या रात्रीं मीं तुला अडवावयास नको होतें. मीं उत्तर पाठविलें; त्यांत त्या ओळीविषयीं कांहीं लिहिलें नाहीं. २४ ऑगस्ट २०१७ रोजीं खासगीपणाच्या हक्काच्या खटल्यांत सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनीं जबलपूरचा तो जुना निर्णय रद्द ठरविला. त्यांतलें एक मोठें निकालपत्र धनंजय चंद्रचूड यांचें होतें. वडिलांसह चारही न्यायमूर्तींचे निर्णय गंभीररीत्या चुकलेले होते, असें मुलानें त्यांत लिहून ठेवलें. अण्णा तोंवर राहिले नव्हते. मीं तें वर्तमानपत्र बरेच दिवस जपून ठेवलें होतें. सेबाइनचें पुस्तक गुंडाळलेलें होतें तें त्याच अंकांत.

नातीला मीं हें सगळें रात्रीं जेवणें झाल्यावर सांगितलें. तिनें मध्यें एकदांहि तोंड उघडलें नाहीं, हें तिच्या स्वभावास धरून नव्हे. मग विचारलें, "तुझी मैत्रीण कांहीं बोलली नाहीं नंतर?" मी म्हणालें, "नाहीं. पन्नास वर्षें होत आलीं. दिवाळीला फोन येतो. पण त्याविषयीं एक अक्षर नाहीं." मीं इतकीं वर्षें प्राध्यापकांचाच विचार केला, त्या टेबलावर गप्प बसलेल्या तिचा कधीं केला नव्हता. तिनें खरोखर लिहिलेलें उत्तर माझ्या नांवावर जमा झालें, तें तिनें समोर बसून पाहिलें होतें.

सकाळीं नातीची चांचणी होती. चहा घेतांना म्हणाली, "आजी, जरा माझें ऐकून घे ना," आणि वही माझ्या हातीं देऊन म्हणूं लागली : राष्ट्रीय आणीबाणी ३५२, राज्यांतील आणीबाणी ३५६, आर्थिक आणीबाणी ३६०. चाल जवळजवळ माझीच.

मीं विचारलें, "आणि ३५९?"

तिनें वही परत घेतली व पानें मागें-पुढें उलटून पाहिलीं. ३५९ तिच्या टिपणांत नव्हतें. "परीक्षेला नाहीं तें," ती म्हणाली. मग माझ्या तोंडाकडे पाहून स्टूल ओढून पुन्हां त्या वरच्या फळीखालीं नेऊं लागली. घटनासमितीचे खंड कोठें आहेत म्हणून तिनें विचारलें. मी म्हणालें, "उजवीकडे. ऑगस्ट एकोणपन्नासचा काढ."